जेफरसन आदर्शवादी, हॅमिल्टन व्यवहारी... मग लुइझियाना कोणाच्या खात्यात?

ओसरी · शुक्रवार, रात्री ९:४०
मागच्या लाँग वीकेंडला ह्यूस्टनहून गाडी हाकत न्यू ऑर्लिन्सला गेलो. बेन्ये खाल्ले, काळ्या शर्टावर पिठीसाखर सांडून घेतली आणि घरची मंडळी दुकानांत शिरल्यावर मी जॅक्सन चौकातल्या काबिल्दोत शिरलो. स्पॅनिश अमदानीतली इमारत. २० डिसेंबर १८०३ ला फ्रान्सने लुइझियाना (आजचं राज्य नव्हे, मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख) अमेरिकेच्या ताब्यात दिलं ते इथे. गंमत म्हणजे स्पेनने ते फ्रान्सच्या ताब्यात दिलं होतं ३० नोव्हेंबरला. म्हणजे फ्रान्सचा प्रत्यक्ष कब्जा वीस दिवसांचा!

परतताना डोक्यात एकच भुंगा. मी वाचत आलो ते असं, की सुरुवातीच्या अमेरिकन परराष्ट्र धोरणात दोन घराणी. एक हॅमिल्टनचं (देशाचा पहिला अर्थमंत्री), व्यवहारवादी: देश दुबळा, तिजोरी आयातीच्या जकातीवर चालते, येणारा बहुतेक माल ब्रिटिश, तेव्हा ब्रिटनशी पंगा नको. दुसरं जेफरसनचं (पहिला परराष्ट्रमंत्री, १८०१ पासून राष्ट्राध्यक्ष), आदर्शवादी: राजेरजवाड्यांसारखं सैन्य, आरमार, कर्ज यांच्या नादी लागायचं नाही, व्यापार आणि सद्भावना पुरे. ठीक आहे. मग दीड कोटी डॉलरमध्ये देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केलं कोणी? जेफरसनने. नवा प्रदेश घ्यायचा अधिकार घटनेत नाही असं म्हणत घटनादुरुस्तीचा मसुदा लिहिला, आणि नेपोलियनचं मन बदलेल या धास्तीने तो कागद बाजूला ठेवून दिला, तोही जेफरसनच.

माझं मत: हा माणूस आतून पक्का व्यवहारी. आदर्शवाद पत्रांपुरता, दाखवायचे दात. तुम्हाला काय वाटतं?

ढब्बू_पैसा · रात्री ९:५२
खारी आणि चहा घेऊन बसलोय. होऊ द्या सुरू.

भिंगरी · रात्री १०:३०
ओसरी, विषय चांगला, पण घराण्यांची वाटणी जरा शालेय झाली. १७९३ घ्या. जानेवारीत फ्रान्सने राजाचं डोकं उडवलं, फेब्रुवारीत ब्रिटनशी युद्ध. अमेरिका १७७८ च्या तहाने फ्रान्सची मित्र. हॅमिल्टन म्हणाला, तह राजाशी होता, राजा गेला, आता तो तूर्त बाजूला ठेवा. जेफरसन म्हणाला, तह दोन राष्ट्रांत होतात, राजा मेल्याने बुडत नाहीत. इथपर्यंत तुमची वाटणी बरोबर. पण युद्धात पडायचं का, यावर दोघांचं उत्तर एकच: नाही! जेफरसनचा आक्षेप एवढाच होता की अलिप्तता फुकट का जाहीर करायची, ब्रिटनकडून काहीतरी पदरात पाडून घेऊ. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या २२ एप्रिलच्या त्या प्रसिद्ध जाहीरनाम्यात ‘अलिप्तता’ हा शब्द नाहीच. आता सांगा, भाव करू पाहणारा आदर्शवादी कसा?

आणि तो फ्रान्सचा राजदूत झने. चार्ल्सटनला उतरला आणि राष्ट्राध्यक्षांना भेटायच्या आधीच ब्रिटिश जहाजं लुटायला खाजगी गलबतं सज्ज करायला लागला. सुरुवातीला त्याला जवळ करणाऱ्या जेफरसनलाच शेवटी त्याला परत बोलवा म्हणून फ्रान्सला लिहावं लागलं. तोवर पॅरिसमध्ये सत्ता पालटली, परत गेला असता तर गिलोटिन. मग राहिला इथेच, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरचा जावई होऊन. क्रांती करायला आला आणि शेती करत म्हातारा झाला.

झुणका_२ · रात्री १०:४१
म्हणजे ग्रीन कार्ड थ्रू मॅरेज. परंपरा जुनी आहे तर.

कोकणी_फणस · रात्री ११:०५
वॉशिंग्टनने निरोपाच्या भाषणात सांगितलंच होतं ना, ‘कोणाशीही गुंतागुंतीच्या युती नकोत’. तेच खरं धोरण. बाकी जेफरसन-हॅमिल्टन म्हणजे सासू-सुनेचं भांडण.

तिसरी_घंटा · रात्री ११:२०
फणसराव, ही चूक इतक्या जणांकडून होते की आता तिच्यावर चिडावंसंही वाटत नाही. एक, ते भाषण नव्हतंच. १९ सप्टेंबर १७९६ ला फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आलेला मजकूर, आणि त्याचा बराचसा मसुदा हॅमिल्टनच्या हातचा. दोन, ‘गुंतागुंतीच्या युती’ हा शब्दप्रयोग जेफरसनचा, १८०१ मधल्या पहिल्या शपथविधीच्या भाषणातला. वॉशिंग्टनने कायमस्वरूपी युती टाळा असं लिहिलं, आणि लगेच पुढे, अगदीच निकड पडली तर तात्पुरत्या युतींवर भागवता येईल, असंही. सोवळं पाळा, पण प्रवासात चालतं!

मला स्वतःला हे जास्त रोचक वाटतं की व्यवहारवादी हॅमिल्टनने लिहिलेला सल्ला आदर्शवादी जेफरसनने घोषवाक्य करून लोकांच्या तोंडी बसवला. १८०० मध्ये फ्रान्सबरोबरची युती संपवल्यावर अमेरिकेने युरोपशी पुढची कायमची लष्करी युती केली ती थेट १९४९ मध्ये, नाटो.

कोकणी_फणस · रात्री ११:२६
चूक मान्य. पण सासू-सुनेचं विधान मागे घेणार नाही.

सातबारा_उतारा · शनिवार, सकाळी ७:१५
मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. या खरेदीकडे तलाठ्याच्या नजरेने बघतो, राग मानू नये.

पहिला प्रश्न, विकणाऱ्याच्या नावावर उतारा आहे का? स्पेनने १८०० च्या गुप्त तहाने हा मुलूख फ्रान्सला परत द्यायचं कबूल केलं आणि तिसऱ्या कोणाला देणार नाही असं वचन घेतलं. नेपोलियनने ते मोडलं. स्पेनने तक्रार केली, ऐकतो कोण. दुसरा प्रश्न, चतुःसीमा. अमेरिकन दूतांनी विचारलं, नेमकी हद्द कुठवर? फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां म्हणाला, ते मी सांगू शकत नाही, तुम्ही सौदा झकास केलाय, त्याचं जास्तीत जास्त काय होईल ते करून घ्यालच. आमच्या कचेरीत असा दस्त आला असता तर शिपायानेसुद्धा परत पाठवला असता.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: जमीन कसतंय कोण, राहतंय कोण? न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस अशी थोडी ठाणी सोडली तर ओसेज, पॉनी, लकोटा, कोमांचे या लोकांचा मुलूख. फ्रान्सची सत्ता तिथे नावालाच. म्हणजे दीड कोटीत मिळाली ती जमीन नव्हे, ती जमीन मूळ राहणाऱ्यांकडून बाकीच्या युरोपियनांच्या आधी घ्यायचा हक्क मिळाला. जमीन पुढे तुकड्या-तुकड्याने पुन्हा ‘घ्यावी’ लागली, तह करून, दमदाटी करून. १८०८ मध्ये ओसेजांकडून आजच्या मिसुरी-आर्कन्सॉचा मोठा भाग लिहून घेतला तो असाच. आणि १८२३ मध्ये तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगूनच टाकलं की मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायचा हक्क फक्त सरकारला. ‘एकरी तीन सेंटांत पडली’ वगैरे म्हणतात ते फक्त इसाराचे पैसे धरून.

भिंगरी · सकाळी ७:५८
सातबाराकाका, दंडवत! धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद.

ढब्बू_पैसा · सकाळी ८:१०
नेपोलियन म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.
बाय द वे, २१ लाख चौरस किलोमीटर म्हणजे आपले साधारण सात महाराष्ट्र. आणि पैसे? अमेरिकेने रोखे दिले, ते घेऊन फ्रान्सला रोकड पुरवली लंडनच्या बेरिंग आणि ॲम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. तोवर ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलेलं. ब्रिटिश पेढीच्या हातून नेपोलियनला ब्रिटनविरुद्ध लढायला पैसा! व्यवहारवादी कोण असेल तर सावकार.

पोटमाळा · सकाळी ९:३३
सगळे खरेदीदाराबद्दलच बोलताय. विकणाऱ्याला विकावंसं का वाटलं? सेंट डॉमिंग, म्हणजे आजचं हैती. नेपोलियनला तिथे साखरेचं साम्राज्य पुन्हा उभारायचं होतं आणि लुइझियाना त्याचं धान्याचं कोठार. मेहुणा लक्लेर्कला मोठी फौज देऊन पाठवलं. तिथल्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसां लुव्हेर्तूर याला दगा करून पकडलं, फ्रान्सला नेलं, तो तिथल्या तुरुंगात वारला. पण कालचे गुलाम हटले नाहीत, पिवळ्या तापाने फौज साफ झाली, नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर्कही गेला. साखर गेली, मग कोठार कशाला?

हे मी म्हणत नाही, खुद्द हॅमिल्टनने १८०३ च्या उन्हाळ्यात लिहिलं, की हे यश जेफरसनच्या मुत्सद्देगिरीचं नाही. तिथल्या जीवघेण्या हवेचं आणि काळ्या लोकांच्या चिवट प्रतिकाराचं.

आणि त्या लोकांना अमेरिकेने काय दिलं? १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८०६ मध्ये जेफरसनच्या सरकारने त्याच्याशी व्यापारबंदी केली. मान्यता दिली थेट १८६२ मध्ये, लिंकनच्या काळात. फ्रान्सची क्रांती म्हणजे स्वातंत्र्याची पहाट आणि हैतीची म्हणजे जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या गुलामांना वाईट उदाहरण! गरज सरो, वैद्य मरो. याआधीचे जॉन ॲडम्स, ज्यांना जेफरसनवाले राजेशाहीचे भाट म्हणायचे, त्यांनी तूसांशी व्यापार सुरू केला होता. कोण आदर्शवादी, ठरवा तुम्हीच.

तिसरी_घंटा · सकाळी ९:५०
+१. ‘आदर्श’ म्हणताना तो कोणासाठी, हे विचारायचं राहून जातं.

मळभ · सकाळी ११:१५
जेफरसनच्या बाजूने कोणीच नाही म्हणून मी उभी राहते. तो ढोंगी असता तर एम्बार्गो, म्हणजे व्यापारबंदी, केला नसता. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरून खलाशी उचलून नेत होतं. जून १८०७ मध्ये तर ‘चेसापीक’ या लढाऊ जहाजावर तोफा डागून चार जण नेले. देश युद्ध मागत होता. जेफरसन म्हणाला, युद्ध नको, आपला माल हेच आपलं हत्यार. डिसेंबर १८०७ पासून सगळी निर्यात बंद. कापूस, धान्य मिळालं नाही की ब्रिटन वठणीवर येईल.

फसलं, मान्य. निर्यात सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून वर्षभरात २.२ कोटींवर आली, न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली, कॅनडाच्या सीमेवरून चोरटा व्यापार फोफावला, तो रोखायला याच लहान-सरकारवाल्या माणसाला लष्कर वापरावं लागलं. मार्च १८०९ मध्ये पद सोडता सोडता कायदा मागे. पण तलवारीऐवजी बहिष्काराने मोठ्या सत्तेला नमवता येतं का, हा प्रयोग स्वतःच्या देशाची कंबर मोडेपर्यंत करणं यात मला प्रामाणिकपणा दिसतो. पक्का व्यवहारी माणूस तीन महिन्यांत शहाणा झाला असता.

झुणका_२ · सकाळी ११:२२
एम्बार्गो उलटं वाचलं की इंग्रजीत ‘ओ ग्रॅब मी’. तेव्हाच्या व्यंगचित्रांत याच नावाचं कासव तस्करांचा पार्श्वभाग पकडतं. मीम काही आजचे नाहीत.

ओसरी · सकाळी ११:४०
मळभताई, एम्बार्गोचा मुद्दा मला अडचणीचा आहे, कबूल. पण उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बार्बरी चाच्यांचं काय? १७९५ मध्ये अल्जियर्सला साडेसहा लाखांच्या आसपास डॉलर देऊन कैदी सोडवले, शिवाय दरवर्षी जहाजांचं सामान द्यायचं कबूल केलं. चौथाईच म्हणा ना. ती आपली जुनी, ओळखीची. पण त्रिपोलीने जास्त मागितल्यावर आरमारविरोधी जेफरसननेच १८०१ मध्ये जहाजं धाडली.

मळभ · सकाळी ११:५५
त्याने खंडणीला विरोध १७८० च्या दशकापासून केला होता. देण्यापेक्षा लढणं स्वस्त आणि अब्रूचं, असं त्याचं मत. यात विसंगती कुठे?

कोकणी_फणस · दुपारी १:०५
चौथाईवरून आठवलं. १८१२ च्या युद्धात बाल्टिमोरवर तोफा चालू असताना अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर! अभिमान वाटतो.

तिसरी_घंटा · दुपारी १:२०
फणसराव, आज तुमचे ग्रह वाईट आहेत. मिंडेन मुंबईत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलं, १८१० मध्ये पाण्यात उतरलं, हे खरं. पण ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की हा सप्टेंबर १८१४ च्या त्या रात्री होता तो बोलणी करायला आलेल्या अमेरिकन जहाजावर. मिंडेनची कथा गोड आहे, पण कथाच.

मुंबईचा खरा संबंध हवा असेल तर १७९४ चा ‘जे तह’ बघा, अमेरिकेच्या जॉन जेने ब्रिटनशी केलेला. ज्याच्यासाठी त्याचे पुतळे गावोगाव जाळले आणि जो सिनेटमध्ये २० विरुद्ध १० मतांनी जेमतेम तरला, त्याच्या १३ व्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानी बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. तहाला नावं ठेवणाऱ्यांतल्या काहींच्या घरात मद्रासचं कापड नक्की आलं असणार.

भिंगरी · दुपारी १:४८
आणि एक संबंध, मग विषयावर येते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्याच काळात सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणवीसांच्या दरबारी येऊन बसला होता आणि कलकत्त्यात हेस्टिंग्जची झोप उडाली होती. फ्रान्स दोन्हीकडे एकच डाव टाकत होता, ब्रिटनला जिथे दुखेल तिथे बोट घालायचं. फिलाडेल्फियात मोठा डाव लागला, पुण्यात नुसतीच बोलणी झाली.

झुणका_२ · दुपारी १:५१
पानिपत यायच्या आत विषयावर या प्लीज.

शून्य_बाकी · संध्याकाळी ६:३०
सगळं वाचलं. दोन नावांत अडकलात आणि या खेळातला सगळ्यात मुरलेला माणूस राहिला: जॉन क्विन्सी ॲडम्स, वर आलेल्या जॉन ॲडम्सचे चिरंजीव. १८१८ मध्ये अमेरिकन सेनापती जॅक्सन स्पॅनिश फ्लोरिडात घुसला, दोन ब्रिटिशांना फासाच्या आणि गोळीच्या शिक्षा देऊन मोकळा झाला. अख्खं मंत्रिमंडळ म्हणालं याची खरडपट्टी काढा. एकटे परराष्ट्रमंत्री ॲडम्स म्हणाले, नाही. आणि त्याच घुसखोरीचा धाक दाखवून स्पेनकडून फ्लोरिडा काढून घेतला, वर पॅसिफिकपर्यंतची हद्दही आखून घेतली. २२ फेब्रुवारी १८१९.

तेच ॲडम्स ४ जुलै १८२१ ला म्हणतात, अमेरिका राक्षस शोधून मारायला परदेशी जात नाही. ती सगळ्यांच्या स्वातंत्र्याची हितचिंतक आहे, पण राखणदार फक्त स्वतःच्या स्वातंत्र्याची. १८२३ मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅनिंग याने संयुक्त घोषणेचा प्रस्ताव पाठवला. म्हाताऱ्या जेफरसनने राष्ट्राध्यक्ष मन्रोला कळवलं, ब्रिटनबरोबर जा. हो, जेफरसनने! ॲडम्स म्हणाले, ब्रिटिश युद्धनौकेमागून होडकं होऊन जाण्यापेक्षा आपलं आपण बोलू. मग २ डिसेंबरचा मन्रो सिद्धांत: युरोपने अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत, आम्ही युरोपच्या भानगडीत पडणार नाही. मन्रोला त्यातच ग्रीकांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा घुसडायचा होता, तो ॲडम्सनी काढायला लावला. आता ही घोषणा पाळायला लावणार कोण? ब्रिटिश आरमार, कारण दक्षिण अमेरिकेतला व्यापार त्यांनाही हवा होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक, आणि सही आपली.

क्युबाबद्दल त्यांचंच पत्र आहे, एप्रिल १८२३ चं. वादळात झाडावरून सुटलेलं सफरचंद जसं जमिनीवरच पडणार, तसा स्पेनपासून तुटलेला क्युबा आमच्याकडेच येणार.

ढब्बू_पैसा · संध्याकाळी ६:४४
यालाच पडत्या फळाची आज्ञा म्हणत असावेत.

शून्य_बाकी · संध्याकाळी ७:२०
:) तर ओसरी, तुमच्या प्रश्नाकडे. व्यवहार की आदर्श हे भांडण खरं होतं, पण ते समुद्रावरचं होतं: ब्रिटन की फ्रान्स, व्यापार की बंदी, ग्रीस की गप्प. पश्चिमेकडच्या जमिनीचा विषय निघाला की सूर जुळतात. हॅमिल्टन १८०३ च्या फेब्रुवारीत लिहीत होता, न्यू ऑर्लिन्स आधी घ्या, बोलणी मग करा. त्याच महिन्यात जेफरसन इंडियाना प्रांताचा गव्हर्नर हॅरिसन याला खाजगीत लिहितो की सरकारी व्यापारी कोठ्यांवर मूळ रहिवाशांच्या म्होरक्यांना उधारी चढू द्यावी. डोईजड झाली की ते जमीन देऊन फेडतील. साधन वेगळं, जमीन तीच. न्यू इंग्लंडचे काही फेडरलिस्ट, म्हणजे हॅमिल्टनच्याच पक्षाचे, खरेदीच्या विरोधात गेले, पण त्यांना काळजी आपली मतं पातळ होण्याची.

सातबारा_उतारा · रात्री ८:०५
उधारी चढू द्यायची आणि जमीन लिहून घ्यायची, याला आमच्याकडे सावकारी म्हणत. पुढे त्याविरुद्ध कायदे करावे लागले. ते पत्र लिहिणाऱ्याला मी व्यवहारी म्हणेन, पण तुमच्या पुस्तकातल्या अर्थाने नाही.

मळभ · रात्री ८:४०
या पत्रावर माझ्याकडे बचाव नाही. एवढंच म्हणते, की त्याला ही विसंगती वाटत नव्हती. ‘स्वातंत्र्याचं साम्राज्य’ हे शब्द त्याने १७८० मध्येच वापरले होते. प्रत्येकाला स्वतःची शेती, म्हणून प्रत्येक जण स्वतंत्र, म्हणून जमीन हवी, आणि पुढच्या पिढीला आणखी. आदर्शच जमीन खाणारा होता. ओसरी, दाखवायचे आणि खायचे दात वेगळे असते तर सोपं झालं असतं.

ओसरी · रात्री ९:१५
मळभताई, हे मात्र लागलं. मी ‘आदर्श पत्रांपुरता’ म्हटलं होतं, ते मागे घेतो. काबिल्दोत उभा असताना करार, सह्या, झेंडे बघत होतो. ‘इसार’ हा शब्द डोक्यात असता तर वेगळं पाहिलं असतं. पुन्हा जाईन तेव्हा ओसेजांचं काही तिथे लावलंय का ते आधी शोधेन.

पोटमाळा · रात्री ९:५०
जाता जाता. ॲडम्सचा शेवट कोणी लिहिला नाही. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. पॅसिफिकपर्यंत नकाशा ताणणारा हा माणूस टेक्सास सामील करायला आणि १८४६ च्या मेक्सिको युद्धाला मात्र कडाडून विरोध करत होता, कारण आता प्रत्येक नवी जमीन म्हणजे गुलामगिरीला नवी जागा. २१ फेब्रुवारी १८४८ ला त्याच युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाच्या ठरावावर ‘नाही’ म्हणाले, थोड्याच वेळात सभागृहातच कोसळले, दोन दिवसांनी गेले. मेक्सिकोशी तहावर सह्या त्याआधीच झाल्या होत्या. मेक्सिकोकडून घेतलेल्या जमिनीची किंमत पुन्हा दीड कोटी डॉलर.

सातबारा_उतारा · रात्री १०:०२
पंचेचाळीस वर्षांत भाव वाढला नाही? मुद्रांक कोणी तपासले?